आधी शेपूट, मग वाक्य

पोहण्याच्या तलावाच्या डोक्यावर भाषेचा वर्ग भरवायची कल्पना ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाली, त्याला एकदा त्या खोलीत बसवून शुद्धलेखन घालायला हवं होतं. खालून शिट्ट्यांचा भडिमार, वर गळणारं छत, आणि मधल्या हवेत तलावातल्या औषधाचा असा वास की खडूसुद्धा शिंकेल. खुर्च्या बाराही महिने दमट. बसलेला माणूस उठला की त्याची मागची बाजू बघून सगळ्यांना कळायचं, आज वर्ग किती वेळ चालला.

बाईंचा मात्र त्या खोलीवर जीव होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ही एकच जागा उरली होती जिथे त्यांनी तोंड उघडलं की माणसं कान टवकारून ऐकत. घरी त्यांचं कोणी ऐकत नसे असं नाही; घरी ऐकायला कोणी नव्हतंच. होती ती मोठी बहीण, पलीकडच्या गल्लीत, आणि तिला ऐकायची सवय नव्हती, ऐकवायची होती. या ताईंचं पडद्यांचं दुकान होतं.

"बंद पडू दे तुझा तो वर्ग," ताई दर रविवारी म्हणायच्या. "मग ये मुकाट्याने माझ्या गल्ल्यावर बस. सावलीत बसायचं, सुटे पैसे द्यायचे आणि गिऱ्हाइकाला 'हा रंग तुम्हाला खुलतो' म्हणायचं. एवढं तरी जमेल ना?"

पडद्याचा रंग माणसाला कसा खुलतो हे बाईंना कधीच उमगलं नव्हतं. ताईंच्या हुकमाखाली, त्या स्टुलावर, संध्याकाळपर्यंत बसायचं हे त्यांना मुळीच नको होतं. वर्ग टिकला तर बाई बाई राहणार होत्या, नाही तर ताईंची धाकटी बहीण. असा सगळा मामला होता.

वर्गात इथली भाषा शिकायला आलेले विद्यार्थी चार. पहिला बेकरीवाला, दाराच्या मापाचा माणूस. पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहून दुपारी वर्गात येई तेव्हा त्याच्या भुवयांवर पीठ असे. दुसरे आजोबा. ते लेकीकडे राहायला आले होते आणि जावयाची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची जावयाला येत नव्हती. दोघे एकमेकांकडे बघून नुसते हसत. दिवसभर हसून हसून संध्याकाळी दोघांचेही गाल दुखत. उरलेल्या दोघी सख्ख्या बहिणी, हॉटेलातल्या चादरी धुणाऱ्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. भांडायला त्या आपली भाषा वापरत आणि बाईंकडे चुगली करायला इथली. त्यामुळे चुगलीपुरती त्यांची प्रगती बरी होती.

बाकी प्रगतीच्या नावाने शंख होता. वर्गाला मिळालेल्या पुस्तकातला पहिला धडा असा, 'हा चेंडू आहे. चेंडू गोल आहे.' बेकरीवाल्याने तो बोट ठेवून वाचला, पुस्तक मिटलं आणि तोवर शिकलेलं एकुलतं एक पूर्ण वाक्य उच्चारलं, "मला माहीत आहे."

दुसऱ्या धड्यात मुलगा बागेत जात होता. आजोबा त्याच्याबरोबर निघाले आणि वाटेतच घोरायला लागले.

बाईंनी कपाळाला हात लावला. चूक विद्यार्थ्यांची नव्हती. आयुष्यभर भट्ट्या, लेकरं आणि सासरं सांभाळलेल्या माणसांना चेंडू गोल असतो हे सांगायला आपण कोण, असं त्यांना वाटायला लागलं होतं. त्याच सुमारास ताईंच्या दुकानात पडद्यांच्या कड्यांचं नवं खोकं आलं. कड्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे जुने कागद कोंबले होते. बाईंनी एक कागद सरळ केला. त्यावर चौकटीच चौकटी होत्या, आणि एका चौकटीत एक जाडजूड काकू एका माणसाला नुसतं बोट लावून छताला चिकटवत होत्या.

ती झटकाकाकूची चित्रकथा होती. एका साध्यासुध्या काकूंना इस्त्री करताना शॉक बसतो आणि तेव्हापासून त्या ज्याला हात लावतील तो तीन ताड उडतो. त्यांचा वैरी प्रोफेसर पाल. तो भिंतींवरून सरपटतो आणि गावाच्या पाण्यात झोपेचं औषध कालवायच्या बेतात असतो. जाणकार मंडळी नाक मुरडतील. खुशाल मुरडू देत, नाक त्यांचंच आहे. बाईंनी खोकं तिथेच उपडं केलं, कड्या ताईंच्या टेबलावर ओतल्या आणि रद्दी पिशवीत भरून थेट वर्ग गाठला. मागून ताईंचा आवाज येत होता. बाईंनी तो येऊ दिला.

त्या दिवशी आजोबा झोपले नाहीत.

पाहता पाहता शब्दांची रीघ लागली. बादली, शिडी, गळती, कुलूप, कारस्थान, मागे बघा, पळा, सोडू नका. चित्र समोर असल्यावर 'शिडी म्हणजे काय' हे समजावत बसायची गरज नव्हती. प्रोफेसर पाल तिच्यावरून पडतच होता. धाकटीने तर हॉटेलच्या मॅनेजरला विचारून टाकलं, "साबण कमी. हे कोणाचं कारस्थान?" दुसऱ्या दिवशी साबणाचं अख्खं पोतं आलं. आजोबा रोज सकाळी जावयासमोर उभे राहून म्हणायला लागले, "तर तू इथे आहेस!" पहिल्या दिवशी जावई इतका हरखला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्याभराने मात्र तो दाढी करताना आतून कडी लावून घ्यायला लागला.

घोळ झाला तो बेकरीवाल्याचा. चित्रकथेत बोलणं फुग्यात लिहिलेलं असतं आणि फुग्याला एक शेपूट असतं, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जातं, हे बाईंनी सांगितलंच नव्हतं. इतकी साधी गोष्ट काय सांगायची? बेकरीवाल्याने आपल्या अकलेने ठरवलं, चौकटीत जो सगळ्यात मोठा दिसतो तोच बोलतो. त्याच्या घरी तशीच पद्धत होती. आता काकू अंगाने दणदणीत आणि पाल किडकिडीत. त्यामुळे सगळी वाक्यं काकूंच्या नावावर जमा होत गेली. 'हा हा हा! उद्या सारं गाव झोपेल!' हेसुद्धा.

कितीतरी दिवस तो काकूंवर दात खाऊन होता. "ही काकू वाईट," तो बाईंना कळवळून सांगे. "पाण्यात औषध घालते. आणि तो बिचारा पाल, भिंतीवर बसतो, सगळं ऐकतो, कोणाला बोलत नाही."

खरं काय ते कळलं तेव्हा तो इतका ओशाळला की दुसऱ्या दिवशी काकूंसाठी तिळाचा मोठा पाव घेऊन आला आणि चित्रासमोर ठेवला. तो चौघांनी आणि बाईंनी मिळून खाल्ला. पण त्या दिवसापासून वर्गाला दोन नियम लागले. पहिला, आधी शेपूट, मग वाक्य. फुग्याच्या शेपटीवर बोट ठेवायचं, ते तोंडापर्यंत न्यायचं, कोण बोलतंय ते मोठ्याने सांगायचं आणि मगच वाचायचं. दुसरा नियम, ज्याच्या वाट्याला जे पात्र येईल त्याने उभं राहून, मान वर करून, ज्याला बोलायचं त्याच्या तोंडाकडे बघत बोलायचं. कोणी अडखळलं तर बाकीच्यांनी हळूच पुढचं अक्षर पुरवायचं. हसायचं नाही.

आणि काकूंनी बोट लावलं की पडायचं. हा नियम नव्हता, हौस होती. बेकरीवाला पडला की खाली तलावातलं पाणी हलायचं.

इथेच माशी शिंकली. खाली तलावाच्या कडेला एक झुंबाच्या मॅडम लोकांना नाचवून त्यांची वजनं उतरवत. पायाखाली ओल, डोक्यावर ऊन, आणि वर ही ऐसपैस खोली. त्यांचा तिच्यावर केव्हाचा डोळा होता. त्यांनी पालिकेच्या कार्यालयात तक्रार ठोकली, की वर भाषेच्या नावाखाली मोठी माणसं किंचाळतात आणि पडतात. यात खोटं काहीच नव्हतं, हेच वाईट होतं.

मंगळवारी दुपारी कार्यालयातले साहेब आले.

साहेब म्हणजे कोणी राक्षस नव्हते. सडपातळ, नीटनेटके, काखेत फाइल, बोलणं मऊ. फक्त कार्यालयात उभी हयात गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यातून माणसंच गळून गेली होती. बाईंनी चहा विचारला तर म्हणाले, "घेण्यात आलेला आहे." बसा म्हटलं तर खुर्चीला हात लावून म्हणाले, "उभंच राहण्यात येईल." मग त्यांनी फाइल उघडली आणि एक छापील कागद काढला. त्यांच्या दुसऱ्या हातात चिकटपट्टी होती.

"ही नोटीस दारावर लावायची आहे," ते म्हणाले. "सोमवारपासून वर्ग बंद होतोय."

बाईंच्या डोळ्यांसमोर पडदे आले. खरेखुरे, फुलाफुलांचे, ताईंच्या दुकानातले.

"पण का, साहेब?"

"प्रगती आढळून आली नाही."

"अहो, येतं त्यांना वाचता!"

"चित्रं बघता येतात असं समजतं."

बाईंना राग आला की त्यांचं डोकं फार छान चालायचं. त्यांनी त्या कागदाकडे पाहिलं, चिकटपट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, ही नोटीस कोणासाठी?"

"वर्गातल्या लोकांसाठी."

"त्यांना ती वाचता आली, तर वर्गाचा उपयोग झाला म्हणायचा ना?"

साहेबांनी विचार केला. "झाला."

"मग बंद का करायचा?"

"आणि वाचता आली नाही तर?"

"तर लावा दारावर. आम्ही चिकटपट्टी धरू."

साहेब थोडा वेळ छताकडे बघत राहिले. छतातून एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. हिशेबात कुठे चूक आहे ते त्यांना सापडेना, आणि ते मुळात सरळ माणूस होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "वाचून अर्थ सांगावा लागेल. तो सांगितला तर नोटीस फाडण्यात येईल. पण चित्रांची पुस्तकं चालणार नाहीत."

बाईंनी चौघांना सगळं समजावून सांगितलं. हा कागद. हा वाचायचा. आला तर वर्ग राहतो, नाही आला तर जातो. चौघांनी माना डोलावल्या. झटकाकाकू कपाटात गेल्या. बेकरीवाल्याने हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले, कागद घेतला आणि चौघांची डोकी त्यावर वाकली.

कागदावर असं लिहिलं होतं: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अपेक्षित प्रगती आढळून न आल्याने तलावाच्या वरील खोलीतील भाषावर्ग सोमवारपासून बंद करण्यात येत आहे. सदर खोली अन्य उपक्रमास देण्यात येईल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.'

खाली शिट्टी वाजली. आजोबांनी कागद उलटा करून मागे बघितलं, थोरलीने तो उजेडासमोर धरला. साहेबांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं आणि नखाने चिकटपट्टीचं टोक सोडवायला घेतलं. बाईंची पाचावर धारण बसली. गेला, त्यांना वाटलं, वर्ग गेला. आपणच या माणसांना चित्रांची चटक लावली.

मग बेकरीवाल्याने मान वर केली. त्याच्या कपाळावर काळजीची घडी होती.

"बाई," तो म्हणाला, "याचं शेपूट कुठे?"

"शेपूट?" साहेबांनी विचारलं.

"कोण बोलतं, ते. शेपूट नाही, तर वाचायचं कसं? मी एकदा चुकलो. काकूला फार बोललो. परत नाही चुकणार."

"यात कोणी बोलत नाहीये," साहेब म्हणाले. "ही नोटीस आहे."

"कोणी बोलत नाही," धाकटीने बहिणीला सांगितलं, "पण वर्ग बंद होतो." दोघींनी एकमेकींकडे असं बघितलं की साहेबांच्याच अंगावर काटा आला.

थोरली उठली. तिने खडू घेतला आणि फळ्यावर चौकटी आखायला लागली. साहेबांनी तोंड उघडलं, पण पुस्तकं चालणार नाहीत एवढंच ते म्हणाले होते. फळ्याचा विषय निघालाच नव्हता. पहिल्या चौकटीत तिने पाच तोंडं काढली, त्यातलं एक चष्म्याचं.

"'सर्व संबंधित'," आजोबांनी वाचलं. "हे आम्ही. चष्मा म्हणजे बाई."

"बरोबर," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या चौकटीत तलाव, वर खोली, खोलीत तेच पाच जण. तिसऱ्या चौकटीपाशी गाडी अडली. 'अपेक्षित प्रगती आढळून न आल्याने.' शब्द बेकरीवाल्याने एकेक करून फोडले, अगदी पाव तोडावा तसे. प्रगती म्हणजे पुढे जाणं. आढळणं म्हणजे सापडणं; काकूंना प्रोफेसर पालचं घर आढळतं ते. इथपर्यंत सगळं ठीक.

"पण शोधलं कोणी?" त्याने विचारलं.

"पाहणी करण्यात आली," साहेब म्हणाले.

"कोण आलं? केव्हा? आम्ही रोज असतो."

"तसं... आज येण्यात..." साहेबांनी घसा साफ केला. "आजच आलोय मी."

"आणि नोटीस केव्हा छापली?"

"गेल्या आठवड्यात."

थोरलीने निमूटपणे तिसऱ्या चौकटीत एक माणूस काढला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला, हातात भिंग. साहेब ते चित्र बघत राहिले. त्यांचं नाक तिने बऱ्यापैकी जमवलं होतं.

चौथी चौकट मोठी होती. तीत फुगा काढून धाकटीने आत कागदावरून शब्द उतरवले, 'भाषावर्ग बंद करण्यात येत आहे'. मग फुग्याचं शेपूट काढलं आणि खडू हवेतच धरून साहेबांकडे वळली. "तोंड कोणाचं?"

"कार्यालयाचं."

तिने इमारत काढली आणि इमारतीला तोंड काढलं. आजोबा खुदकन हसले. साहेबांनाही ते बरं दिसेना. "तसं नाही. म्हणजे, वरिष्ठांचं."

"ते कुठे असतात?"

"वर."

चौघांनी वर बघितलं. छतातून एक थेंब पडला.

"वरिष्ठांना ही खोली माहीत आहे?" आजोबांनी विचारलं.

"माहीत नसावी. ते फार वर असतात. त्यांच्यापुढे कागद ठेवला की ते सही करतात."

"कागद कोण ठेवतं?"

साहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. "ठेवण्यात..." ते म्हणाले आणि थांबले. बेकरीवाला त्यांच्याकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होता, कारण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. खवचटपणा त्याला अजून शिकवलेला नव्हता. "मी," साहेब म्हणाले. "मी ठेवतो."

"हां!" चौघांचाही जीव भांड्यात पडला. धाकटीने झटकन इमारतीचं तोंड पुसलं, तिथे साहेबांचं डोकं काढलं आणि फुग्याचं शेपूट त्यांच्या ओठांपर्यंत नेलं. थोरलीने शेवटची चौकटही उरकली. तिथे दिलगिरी कोणाची ते कळेना, म्हणून तिने नुसते अश्रू काढले, हवेत लोंबकळणारे, खाली चेहरा नसलेले. ते बघून बाईंना हसूही आलं आणि रडूही.

सगळा कागद फळ्यावर आला होता. आजोबांनी छडी घेतली आणि पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, न अडखळता. "आम्ही पाच. आमची खोली. साहेबांनी डोळे बांधले आणि आम्हाला शोधलं, सापडलो नाही. म्हणून साहेब वर्ग बंद करतात. खोली दुसऱ्याला देतात. कोणीतरी रडतं, पण कोण ते लिहिलं नाही."

"अर्थ... बरोबर आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "वाचता येतं. परीक्षा झाली. नोटीस फाडण्यास हरकत..."

"नाही, नाही," बेकरीवाला घाईघाईने म्हणाला. "झाली नाही. आता बोलायचं."

साहेबांना कळेना. बाईंनी डोळ्यांनी, हातांनी, मानेने खुणा केल्या, अरे पुरे, पास झालात, गप्प बसा! पण ज्या माणसाला आपणच महिनोन्महिने शिकवलंय की काम अर्धं सोडायचं नाही, त्याला खुणा करून काय उपयोग? त्याने साहेबांना खांद्याला धरून अलगद फळ्यासमोर उभं केलं आणि बाईंना त्यांच्यासमोर. "ज्याचं वाक्य त्याने बोलायचं. मान वर. बाईंच्या तोंडाकडे बघायचं. मग वाचून झालं."

"मला बोलायचं? हे?"

"हे तुमचं आहे," धाकटीने फळ्यावर शेपूट दाखवलं.

खरं सांगायचं तर साहेबांनी आजवर नोटिशी काढल्या त्याला गणती नव्हती. गाळे बंद केले, बाकं हलवली, झाडं तोडली, बागेच्या वेळा बदलल्या. त्यातलं एक वाक्य त्यांनी कोणाच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. कागद दारावर, आणि साहेब जिन्यावर, अशी त्यांची रीत. त्यांनी बुटांकडे बघत सुरुवात केली, "बाई... भाषावर्ग..."

"मान वर," थोरली म्हणाली.

त्यांनी मान वर केली. समोर बाई. साठी ओलांडलेल्या, पदराला खडू लागलेल्या, कोपरापाशी ओल्या खुर्चीचा डाग. "बाई, मी तुमचा वर्ग..." आणि गाडी अडकली.

"बं..." आजोबांनी हळूच पुरवलं.

"बंद," बेकरीवाला कुजबुजला. "सोपं आहे. ओठ मिटायचे आणि सोडायचे."

कोणी हसलं नाही. चौघं त्यांच्याकडे इतक्या मायेने बघत होते, जणू शेजारच्या पोराने पहिलं पाऊल टाकावं म्हणून सगळे दारात उभे आहेत. आणि बाई! पुढचा शब्द निघाला की त्या थेट पडद्यांच्या दुकानात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण समोर एक माणूस शब्दावाचून अडला होता, आणि जन्मभराच्या सवयीला कोण काय करणार? त्यांचे ओठ आपोआप मिटले, त्याला दाखवायला, की हे बघा, असं. बं.

साहेबांनी ते बघितलं. ही बाई स्वतःचाच वर्ग बंद करायला आपल्याला मदत करतेय, हे त्यांच्या डोक्यात शिरलं. ते मटकन खुर्चीत बसले. सगळ्यात दमट खुर्चीत.

"नाही हो येत," ते म्हणाले. "नाही म्हणता येत मला हे वाक्य."

चौघांचे चेहरे पडले. विद्यार्थी नापास झाला की कोणालाही वाईट वाटतंच. बेकरीवाल्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, कोटावर पिठाचा पंजा उठला. "पहिल्या दिवशी मलाही नाही आलं," तो म्हणाला. "हे वाक्य कठीण आहे. तुम्ही नवीन. सोपं घ्या." आणि तो थोरलीकडे वळला, "सोपं दे त्यांना."

थोरलीने बोळा घेतला. फुगा आतून पुसला. शेपूट तसंच ठेवलं, साहेबांच्या ओठांशी. मग पहिलीच्या पोराला लिहून द्यावं तसं मोठ्या, सुट्या अक्षरांत तिने आत लिहिलं, 'मी वर्ग चालू ठेवतो.'

साहेब उठले. चष्मा नाकावर नीट बसवला. शेपटीवर बोट ठेवलं, ते तोंडापर्यंत नेलं, कोणीही न सांगता. मग मान वर करून, बाईंच्या तोंडाकडे बघत, खालच्या शिट्टीच्याही वरच्या आवाजात त्यांनी ते वाक्य एका दमात म्हणून टाकलं. कुठे अडखळले नाहीत.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खाली नाच थांबला. आजोबांनी त्यांना मिठी मारली. बाईंना रडू फुटलं, आणि ते कोणाचं रडू आहे हे विचारायची वेळ कोणावर आली नाही.

साहेबांनी नोटीस फाडली, तुकडे खिशात घातले, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. टाळ्या कशाच्या ते बघायला झुंबाच्या मॅडम वर येत होत्या. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "त्यांना खोलीचा शब्द दिलाय," ते घाबरून म्हणाले. "त्यांना कळवण्यात येईल. लेखी. एक-दोन दिवसांत."

चौघांनी त्यांच्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं.

"बरं," साहेब म्हणाले आणि फळ्याकडे वळून खडू उचलला. "मी सांगतो. पण आधी एकदा इथे लिहून द्या."